ताग, बाजरी आणि अर्धं पोतं युरिया : लागणीपासून बांधणीपर्यंतचा अनुभव

कृष्णाकाठची काळी जमीन, सामू (पीएच) आठच्या वर आणि वर्षानुवर्षं उसावर ऊस. गेल्या पावसाळ्यात पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबरातल्या, लागणीआधी रान हिरवळीच्या खताला दिलं, म्हणजे हिरवं पीक वाढवून तिथंच जमिनीत गाडलं, आणि त्या हिरवळीलाच थोडा युरिया टाकून बघितला. आता उसाची मोठी बांधणी (बुंध्याला मातीची भर) उरकली आहे, त्यामुळे लिहिण्यासारखं बरंच नजरेखालून गेलंय.

पट्टे तीन केले. एकात नुसता ताग. दुसऱ्यात ताग, पण पेरताना एकरी अर्धं पोतं युरिया, म्हणजे साधारण १० किलो नत्र (नायट्रोजन). कडधान्याला सुरुवातीला देतात तेवढंच. तिसऱ्यात तागात बाजरी मिसळली आणि युरिया तेवढाच दिला. सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, मात्र तिन्हीकडे सारखं.

ताग हाताएवढा झाल्यावर कुदळीनं मुळं उकरून पाहिली. बिनायुरियाच्या तागाला गाठी भरपूर, आणि नखानं फोडली की आतून लालसर. हा रंग म्हणजे गाठ कामावर आहे, आतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला बांधून देत आहेत. युरियाच्या पट्ट्यात गाठी विरळ आणि बारीक. जमिनीत आयतं नायट्रेट मिळत असेल तर झाड जिवाणूंना साखर पुरवायच्या भानगडीत पडत नाही. गाडायच्या वेळी वजन केलं तर दोन्हीकडे चौरस मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणजे एकरी सात टन हिरवा पाला. त्यात नत्र ०.४ टक्के धरलं तर २८ किलो होतं, सव्वा ते दीड पोत्यांच्या मधलं. शिवाय हे सगळं हवेतलं नसतं, काही भाग जमिनीतलाच उचललेला असतो. 'तागानं युरिया वाचतो' म्हणताना हा हिशेब कुणी सांगत नाही. तर काळ्या रानात तागाला युरिया देणं म्हणजे हवेत फुकट आहे ते विकत घेणं. मुरमाड, सेंद्रिय कर्ब अगदी कमी असलेल्या रानात मी थोडा दिला असता, इथं नाही. इथल्या चुनखडीत स्फुरद अडकून बसतं, म्हणून सुपर द्यायला मी मागंपुढं पाहणार नाही.

बाजरीचं उलट. तिला गाठी नाहीत, तिला मिळालेला युरिया पानांवर लगेच दिसला. आणि तिची तंतुमुळं तेच करतात ज्यासाठी ती लावली: पावसात जमिनीत जे नायट्रेट मोकळं होतं ते झिरपून जायच्या आत धरून ठेवतात. पण गाडल्यावर ती सावकाश कुजते. कोवळ्या तागात एक भाग नत्राला पंधरा-वीस भाग कर्ब असतो, तो भराभर कुजतो. बाजरी निसवली, म्हणजे कणसं बाहेर पडली, की हे प्रमाण तिशीच्या पुढं जातं, मग कुजवणारे जिवाणू उलट जमिनीतलंच नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. ते मेले की परत मिळतं, पण तोवर कोंब पिवळट दिसतात. माझ्या तिसऱ्या पट्ट्यात लागणीनंतर महिनाभर हेच दिसलं. शेजारच्यांनी केवडा (पानं पिवळी पडण्याचा विकार) ठरवून फवारणीही सुचवली! फुटव्याच्या वेळी मात्र हाच पट्टा सगळ्यांत गडद होता. नुसत्या तागाचा पट्टा सुरुवातीला तरतरीत होता, नंतर इतर रानासारखाच.

खरी गोम गाडणीच्या तारखेत आहे, आणि त्यावर बोलणं सगळ्यांत कमी होतं. रिवाज असा की जूनमध्ये ताग पेरायचा, जुलैअखेर गाडायचा, ऑक्टोबरात लागण. मधले दोन महिने रान रिकामं, वर पाऊस. कोवळा ताग दोन-तीन आठवड्यांतच नत्र सोडायला लागतो. ते घ्यायला मूळ नसेल तर पाण्याबरोबर खाली जातं, आणि काळ्या रानात पाणी साचलं तर हवेतही उडून जातं. म्हणून मी पेरणी ऑगस्टच्या सुरुवातीला केली आणि सप्टेंबर संपता संपता वाफसा (मशागतीजोगी ओल) बघून गाडलं. दोन-अडीच आठवड्यांनी लागण. दिवस लहान होत गेल्यानं ताग लवकर फुलला आणि जूनच्या पेरणीइतका उंच झाला नाही, तरीही हा सौदा मला परवडला.

गाडणीची एक कटकट. फुलं लागून आठवडा उलटला की खोडाला वाख (चिवट धागा) धरतो आणि तो रोटरच्या दांड्याला असा गुंडाळतो की कोयता घेऊन खाली बसावं लागतं. ट्रॅक्टरवाल्यानं दर वाढवून मागितला, त्याचंही चूक नव्हतं. आधी फळी फिरवून आडवा केला आणि मग पलटी नांगर घातला, तेव्हा काम सुरळीत झालं.

खतात काटछाट करायची असेल तर लागणीच्या हप्त्याला हात लावू नका. तो एकूण नत्राच्या दहा टक्केच असतो आणि जिवाणू ओढाताण करतात त्याच काळात उसाला तो लागतो. हेक्टरी ३४० किलोच्या शिफारशीतून मी कमी केलं ते दुसऱ्या हप्त्यातून, आणि तेही जपून.

यंदा तागात बाजरी राहणारच, फक्त ती पोटरीत येण्याआधी, म्हणजे कणीस पोटात धरण्याआधी, गाडणार आणि युरिया देणार नाही. वाचलेलं पोतं खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) पाचटाला, म्हणजे वाळलेल्या पाल्याला, जाईल: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक.