नायट्रिक ऑक्साइडची पट्टी: जिभेपुरती ठीक, चिंतेला निरुपयोगी

पुण्यात जिमशेजारच्या सप्लिमेंटच्या दुकानांत बीटच्या पावडरीबरोबर हल्ली लाळेच्या पट्ट्यांची डबी मिळते. पट्टी गुलाबी झाली की अंगात नायट्रिक ऑक्साइड भरपूर, आणि ते भरपूर असलं की चिंता पळाली, असा डबीवरचा दावा.

मुळात पट्टी मोजते नायट्राइट, म्हणजे ज्यापासून पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं तो क्षार. नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात जेमतेम काही सेकंद टिकतो, तो पट्टीला कुठला सापडायला! बीट-पालकातलं नायट्रेट रक्तातून लाळेत येतं आणि जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. म्हणजे गुलाबी रंग हे या जिवाणूंचं प्रगतिपुस्तक. त्यापुरती पट्टी चोख आहे.

एक पट्टी सकाळी दात घासण्याआधी लावा, दुसरी बीट घेतल्यावर अडीच तासांनी. बीट खाल्ल्यावर साध्या पाण्याने दोनतीनदा खळखळून चूळ भरा, नाहीतर बीटचाच रंग पट्टीला लागतो आणि माणूस उगाच खूश होतो. व्हिटॅमिन सीची गोळी चघळून लगेच लावली तर रंग फिका येतो. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माउथवॉश चालू असेल तर जिवाणूच मरतात, मग कितीही बीट खा, पट्टी पांढरीच. डबीचं झाकण घट्ट लावा. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या वाया जातात. शंका आली तर एक पट्टी फिल्टरच्या पाण्यात बुडवा. तिथेही गुलाबी झाली तर डबी फेकून द्या.

आता चिंतेचं. रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतो, वाहिन्यांचे स्नायू सैलावतात, रक्तदाब उतरतो. या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. पण रक्तवाहिनी सैल झाली म्हणजे मनही सैल झालं, असं होत नाही. मेंदूत हा वायू बनवणारं विकर (एन्झाइम) एनएमडीए रिसेप्टरला, म्हणजे ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जोडलेलं असतं. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत ते विकर रोखल्यावर भित्रेपणा कमी झाला. डोस किंवा मेंदूचा भाग बदलला की उलटे निकालही आले. तेव्हा ‘जास्त तितकं शांत’ हे डबीवाल्यांचं गणित इथे बसतच नाही.

पावडरीच्या पाकिटावर नायट्रेट किती मिलिग्रॅम ते छापलेलं नसेल तर घेऊ नका. अभ्यासांत साधारण ३०० ते ५०० मिलिग्रॅम वापरतात. नुसतं ‘बीट अर्क ५ ग्रॅम’ वाचून काही कळत नाही. त्यापेक्षा मंडईतली पालकाची जुडी बरी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑक्सलेटचे मुतखडे होत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बीटनंतर लघवी लालसर दिसली तर घाबरू नका, तो बीटचा रंग.