मोठा पडदा टेनिसला: पणजीतला एक स्पोर्ट्स बार

डेव्हिस कप ही देशांच्या संघांमधली टेनिस स्पर्धा. अंतिम टप्पा सोडला तर तिची टाय, म्हणजे दोन देशांमधली पाच सामन्यांची लढत, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी दोन एकेरी. दुसऱ्या दिवशी आधी दुहेरी, मग दोन्ही संघांचे अव्वल खेळाडू समोरासमोर. हा चौथा सामना. निकाल फार वेळा इथेच लागतो, आणि पणजीत नेमका तेव्हाच इंग्लिश फुटबॉलसाठी चॅनल बदलतो. कांपालजवळच्या या बारमध्ये तसं होत नाही. टाय संपेपर्यंत मोठा पडदा टेनिसचा, फुटबॉल कोपऱ्यातल्या दोन छोट्या टीव्हींवर. शनिवारी गोव्यात असं करायला धाडस लागतं. म्हणून पाचपैकी चार तारे.

चौथ्या सामन्याचं मोल किती? फेब्रुवारी 2023 मध्ये डेन्मार्कमधल्या हिलरॉडला वर्ल्ड ग्रुप एक या गटात टिकण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये भारत 2-3 ने हरला. आकडा चुरशीचा दिसतो, पण डेन्मार्कच्या होल्गर रुनंनं आपल्या दोन्ही एकेरी आणि दुहेरी जिंकून चौथ्या सामन्यातच टाय संपवली होती. त्यानंतरच्या पाचव्या सामन्यातला भारताच्या प्रज्ञेश गुणेश्वरनचा विजय नुसता आकड्यापुरता. भारत एक पायरी खालच्या वर्ल्ड ग्रुप दोनमध्ये घसरला. तिथून वर यायला सप्टेंबरात लखनौला मोरोक्कोला 4-1 आणि पुढच्या फेब्रुवारीत इस्लामाबादला पाकिस्तानला 4-0 हरवावं लागलं. स्वीडननं 0-4 हरवल्यावर पुन्हा प्लेऑफ, तिथे टोगोवर 4-0. अखेर सप्टेंबर 2025 मध्ये बीलला स्वित्झर्लंडवर 3-1. तिथेही दुसऱ्या दिवशी दुहेरी गेली आणि भारताच्या सुमित नागलनं चौथा सामना काढला.

जायचं तर दुसऱ्याच दिवशी जा. युरोपातली टाय तिथल्या दुपारी एकला सुरू होत असेल, तर सप्टेंबरात आपल्याकडे साडेचार वाजलेले असतात, फेब्रुवारीत साडेपाच. सामने तीन सेटचे. दुहेरीला दोन तास धरले तर चौथा सामना साधारण सात ते नऊ, किंवा तासभर उशिरा. पाच वाजेपर्यंत टेबल धरा, तेही पडद्यासमोरच्या दुसऱ्या रांगेतलं. पहिल्या रांगेत मान अवघडते, खांबामागच्या दोन टेबलांवरून डाव्या बाजूची बेसलाइन दिसतच नाही.

तारा कापला तो प्रक्षेपणासाठी. टाय टीव्हीवर नसली की लॅपटॉप एचडीएमआय केबलनं जोडतात, पण इंटरनेट वायफायवरून घेतात. गर्दी वाढली की चित्र अडकतं, आणि टायब्रेकमध्ये अडकलं तर सगळी मजा जाते. राउटर काउंटरमागेच आहे. पाच मीटरची लॅन केबल टाकली तर प्रश्न मिटेल. ऑनलाइन चित्र स्कोअरच्या ॲपपेक्षा मागे चालतं, तेव्हा फोन उलटा ठेवा, नाहीतर शेजारच्याला मॅचपॉइंट आधीच कळतो.

खायला रेशाद बांगडा मागवा. मसाला आतपर्यंत मुरलेला असतो, वर सोलकढी. तिसऱ्यांचं सुकं बरं आहे, पण तिखट कमी. फ्राइज घेऊ नका, थंड येतात. भाजी-पाव सातनंतर संपतो, तेव्हा दुहेरी चालू असतानाच सांगून ठेवा.