एकच दिवस हातात आहे: मालागा की व्हॅलेन्सिया?

स्पेनची सहल आखताना आपल्याकडच्या बहुतेक घरांचा बेत ठरलेला असतो. बार्सिलोना, माद्रिद, आणि सुट्टी पुरली तर सेव्हिया-ग्रानादा. एवढं सगळं बसवल्यावर मध्ये कुठेतरी एक दिवस मोकळा निघतो आणि कुणीतरी म्हणतं, "एखादं समुद्राकाठचं शहर बघून येऊ या." मग दोन नावं पुढे येतात, मालागा आणि व्हॅलेन्सिया. दोन्ही भूमध्य समुद्रावर, दोन्हीकडे भरपूर ऊन, दोन्हीकडे माद्रिदहून वेगवान रेल्वे. फोटो बघून निवड करायला गेलात तर भांडण मिटणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एका दिवसात शहर पाहिल्याचं समाधान मालागा देतं. व्हॅलेन्सिया एका दिवसात संपत नाही, निम्मं सोडून यावं लागतं. तरीही काही जणांना मी व्हॅलेन्सियालाच पाठवेन, कारण तुम्ही येताय कुठून आणि बरोबर कोण आहे, यावर अर्धा निर्णय आपोआप होतो.

आधी गाडीचं बघू

माद्रिद-व्हॅलेन्सिया वेगवान गाडीने दोन तासांच्या आत-बाहेर. माद्रिद-मालागा अडीच ते तीन तास. म्हणजे माद्रिदहून सकाळी जाऊन रात्री परत यायचं असेल तर मालागाच्या वाटेवर पाच-सहा तास गाडीतच जातात. एवढं करून मालागा गाठण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. दोन्ही मार्गांवर सरकारी रेन्फेशिवाय उइगो आणि इर्यो या कंपन्यांच्याही गाड्या आहेत. तिकीट विमानासारखं आहे, लवकर काढलं तर स्वस्त आणि आदल्या दिवशी काढलं तर डोळे पांढरे करणारं. माद्रिदला स्टेशनं दोन आहेत. मालागाच्या गाड्या अतोचाहून सुटतात, व्हॅलेन्सियाच्या बहुतेक चामार्तीनहून. तिकिटावर स्टेशनाचं नाव नीट वाचा आणि अर्धा तास आधी पोहोचा. सामान तपासणीची रांग असते आणि गाडी सुटायच्या आधीच फाटक बंद होतं.

पण माद्रिदहून जाऊन येणं हा एकच मार्ग नाही, आणि तो सगळ्यात चांगलाही नाही. बार्सिलोनाहून व्हॅलेन्सिया रेल्वेने साधारण तीन तास. सकाळी बार्सिलोना सोडायचं, व्हॅलेन्सियात दिवस काढायचा आणि रात्रीच्या गाडीने माद्रिद गाठायचं. नाहीतरी तो एक दिवस शहर बदलण्यातच गेला असता. तसंच मालागा ग्रानादाहून बसने दीड-पावणेदोन तासांवर आहे आणि कोर्दोबाहून वेगवान गाडीने तासाभरावर. दक्षिणेत असाल तर मालागा वाटेवरच पडतं, शिवाय तिथला विमानतळ मोठा आहे. परतीचं विमान तिथूनच घेतलं तर मागे यायची भानगडच नाही. स्टेशनवर बॅगा ठेवायची सोय असते, तिला तिकडे 'कोन्सिग्ना' म्हणतात.

मालागा: सगळं एका वर्तुळात

मालागाची खरी जमेची बाजू म्हणजे ते आटोपशीर आहे. स्टेशन ते जुनं गाव पायी वीस-पंचवीस मिनिटं. एकदा गावात शिरलं की वाहन विसरायचं. आल्काथाबिया नावाच्या रस्त्यावर उभं राहिलं की समोर रोमन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या, त्यांच्या डोक्यावर मूरांच्या, म्हणजे एकेकाळी स्पेनवर राज्य करणाऱ्या मुस्लिमांच्या, राजवटीचा अकराव्या शतकातला अल्कासाबा किल्ला, आणि पाठीमागे दोन मिनिटांवर पिकासोचं संग्रहालय. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे बंदर आहे, त्यामुळे इथे कुठेही खणा, काहीतरी निघतं. हे रोमन नाट्यगृहच 1951 साली बागेचं काम चालू असताना हाती लागलं. पिकासो संग्रहालयाच्या तळघरातसुद्धा फिनिशियन भिंतीचे अवशेष दिसतात. नाट्यगृह रस्त्यावरूनच पूर्ण दिसतं, त्याला तिकिटाची गरज नाही.

अल्कासाबा सकाळी उघडल्या उघडल्या बघावा. आत कारंजी, संत्र्याची झाडं, घोड्याच्या नालासारख्या कमानी. ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा पाहून आला असाल तर हे सगळं लहान वाटेल, त्याला इलाज नाही. पण अल्हाम्ब्राला वेळ ठरवून, गर्दीच्या लोंढ्यातून फिरावं लागतं, इथे पाण्याचा आवाज ऐकत कट्ट्यावर बसता येतं. वाट चढाची आणि गोट्यांच्या फरसबंदीची आहे. गुडघे कुरकुरत असतील तर टाउन हॉलच्या मागच्या बाजूने लिफ्ट आहे. त्याच्याही वर चौदाव्या शतकातला हिब्राल्फारो किल्ला. तिथून बंदर, बैलझुंजीचं गोल मैदान आणि समुद्र असा सगळा पट दिसतो. वर पायी चढण्याचा हट्ट दुपारी करू नका, 35 नंबरची बस जाते. बसने वर जाऊन पायी उतरणं हे शहाणपणाचं.

पिकासोचा जन्म इथला, 25 ऑक्टोबर 1881. मेर्सेद चौकातलं त्याचं जन्मघर बघता येतं, आणि 2003 मध्ये उघडलेलं मोठं संग्रहालय वेगळं. त्याच्या सुनेने आणि नातवाने दिलेल्या चित्रांवर ते उभं राहिलं. मात्र त्याचं प्रसिद्ध चित्र 'गेर्निका' शोधायला इथे जाऊ नका, ते माद्रिदला आहे. आणि पिकासोने दहाव्या वर्षाच्या सुमारास हे गाव सोडलं होतं, हेही जाता जाता लक्षात असू द्या. मालागाच्या प्रत्येक दुकानात त्याचे डोळे तुमच्याकडे रोखून बघत असतात, त्यामानाने त्याचा मुक्काम इथे फार नव्हता. चित्रांत रस नसेल तर संग्रहालय सरळ गाळा आणि तो दीड तास अताराथानास बाजाराला द्या. मूरांच्या काळातल्या जहाजगोदीची संगमरवरी कमान आणि तिच्या मागे एकोणिसाव्या शतकातली लोखंडी मंडई. आत बदाम, ऑलिव्ह, मासळी. रविवारी बंद.

कॅथेड्रलला गावकरी 'ला मान्किता' म्हणतात, म्हणजे एका हाताची बाई. दुसरा मनोरा कधी पुराच झाला नाही. त्याचे पैसे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाकडे वळवले गेले, असं सांगतात. बाहेरून बघून पुढे गेलात तरी चालेल.

व्हॅलेन्सिया: तीन तुकड्यांतलं शहर

व्हॅलेन्सियाची अडचण नकाशा उघडला की कळते. जुनं गाव एका टोकाला, वास्तुरचनाकार कालात्रावाच्या पांढऱ्या इमारतींचं 'कला आणि विज्ञान नगर' तिथून तीनेक किलोमीटरवर, आणि समुद्र त्याच्याही पलीकडे. या तिन्हींना एका दिवसात न्याय देता येत नाही. दोन निवडा, तिसरं सोडा. जे लोक तिन्ही करतात त्यांच्या आठवणीत ट्राममधली सीट राहते.

मात्र या तुकड्यांना जोडणारी गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी पुन्हा जाईन. तुरिया नदीचं जुनं पात्र. 14 ऑक्टोबर 1957 ला तुरियाला महापूर आला आणि शहर बुडालं. त्यानंतर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नवा कालवा खणून वळवली. मोकळ्या झालेल्या पात्रातून मोठा रस्ता काढायचा सरकारी बेत होता. लोक अडून बसले, आम्हाला इथे हिरवळ हवी. आज तिथे साधारण नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे. जुने दगडी पूल जागच्या जागी उभे आहेत आणि त्यांच्या कमानींखालून पाण्याऐवजी सायकली जातात. ऑक्टोबर 2024 च्या भीषण पुरात दक्षिणेकडच्या उपनगरांची वाताहत झाली, तेव्हा जुनं शहर बऱ्याच अंशी वाचलं ते या वळवलेल्या नदीमुळेच. सायकल भाड्याने घ्या आणि सेर्रानोस वेशीपासून कालात्रावाच्या इमारतींपर्यंत पात्रातूनच जा. सगळा सपाट रस्ता, सिग्नल नाही, वर झाडं.

जुन्या गावात तीन गोष्टी पुरे. रेशमाच्या व्यापाऱ्यांची ला लोंखा ही पंधराव्या शतकातली इमारत 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतले दगडी खांब दोरखंडासारखे पिळलेले आहेत आणि छताला भिडताना ताडाच्या झावळ्यांसारखे उघडतात. समोरच 1928 ची मध्यवर्ती मंडई, दुपारी तीनपर्यंतच चालू आणि रविवारी बंद. आणि कॅथेड्रलचा मिकालेत मनोरा, 207 पायऱ्या.

तुमचा मोकळा दिवस गुरुवार असेल तर मात्र तुलना इथेच थांबवा आणि व्हॅलेन्सियाचं तिकीट काढा. दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या एका दाराबाहेर शेतीच्या पाण्याचे तंटे सोडवणारं पाणी-न्यायालय भरतं. काळे अंगरखे घातलेले आठ शेतकरी-पंच गोलात मांडलेल्या जुन्या खुर्च्यांवर बसतात, आणि कर्मचारी एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारा करतो, या कालव्याच्या कुणाची तक्रार? सगळं तोंडी, लिखापढी नाही, वकील नाही. बहुतेक वेळा तक्रारच नसते आणि पाच-दहा मिनिटांत न्यायालय उठतं. शतकानुशतकं चाललेली ही रीत 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. धुळ्याकडची पांझरेवरची, पाटाचं पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आणि तिथले पाटकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना भाषा न कळताही इथे काय चाललंय ते कळेल.

कालात्रावाच्या इमारती बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत, आणि खरं बघण्यासारखं बाहेरूनच आहे. आतलं मत्स्यालय युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, मुलं खूश होतात, पण तीन-चार तास गिळतं. एका दिवसाच्या भेटीत ते करायचं म्हणजे जुन्या गावावर पाणी सोडायचं.

जेवण

मांसाहारी असाल तर दोन्हीकडे चैन आहे. मालागात 'एस्पेतो' खा. पेद्रेगालेखोच्या किनाऱ्यावर जुन्या होड्यांत वाळू भरलेली असते, तिच्यावर लाकडं पेटलेली. वेताच्या टोकदार काडीवर पाच-सहा सार्डिन ओवतात, म्हणजे आपल्या तारल्यांचे भाऊबंद. काडी वाऱ्याचा अंदाज घेऊन विस्तवाशेजारी वाळूत तिरकी खोचतात. वर फक्त जाडं मीठ. मे ते ऑगस्ट मासा तेलकट आणि चवदार असतो. काटाचमचा बाजूला ठेवून हातानेच खायचं, तिकडचेही तसंच खातात.

व्हॅलेन्सियाची शान म्हणजे पाएया, पसरट कढईत शिजवलेला भात. अस्सल पाएयात कोंबडी, ससा, शेंगा आणि पावट्यासारखे मोठे पांढरे दाणे असतात, मासळी नसते. स्थानिक लोक ती दुपारीच खातात. किमान दोघांची ऑर्डर घेतात आणि अर्धा तास थांबवतात. ताटात पाच मिनिटांत आली तर ती आधीची शिजलेली समजा. तळाची खरपूस खरवड हा तिचा सगळ्यात मानाचा भाग, ती सोडू नका.

शाकाहारींसाठी माझा कौल मालागाला, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. बदाम आणि लसणाचं थंडगार सूप 'आहोब्लांको', वर द्राक्षं. आणि वांग्याच्या तळलेल्या कापांवर काकवी. ही काकवी याच जिल्ह्यातल्या फ्रिखिलियाना गावात उसापासून बनते. व्हॅलेन्सियात भाज्यांची पाएया मिळते, पण ती मांसाच्या पाण्यात शिजवली आहे का, हे विचारावं लागतं. कुठेही गेलात तरी 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. हॅम म्हणजे मांस नव्हे अशी बऱ्याच वेटरांची प्रामाणिक समजूत असते, म्हणून 'सिन हामोन, सिन पेस्कादो', म्हणजे हॅम नको, मासे नकोत, हेही जोडा. व्हॅलेन्सियाची बाजू एका पेयाने सावरते, ओर्चाता. चुफा नावाच्या बारीक कंदांचं हे गोड थंड दूध, दुधाचा थेंब नसलेलं. चुफा आपल्या उटण्यातल्या नागरमोथ्याच्या कुळातला आहे.

समुद्र आणि ऊन

पोहायचंच असेल तर व्हॅलेन्सियाची मालवारोसा चौपाटी रुंद आणि बारीक वाळूची आहे, पण जायला ट्राम. मालागाची मालागेता गावाला खेटून आहे, वाळू करडी. किल्ला उतरून पाय बुडवायचे एवढीच हौस असेल तर ती पुरते.

जुलै-ऑगस्टात दुपारी दोन ते सहा दोन्हीकडे बाहेर फिरू नये. मालागात कधी कधी 'तेराल' हा जमिनीकडून येणारा कोरडा वारा सुटतो, मग समुद्र शेजारी असूनही होरपळतं. दिलासा एवढाच की जूनअखेरीस सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. म्हणून दुपारचं जेवण लांबवा, संग्रहालय त्या वेळात बसवा, आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा.

मग कुणी कुठे जायचं

आई-बाबा सत्तरीचे असतील किंवा बाबागाडी बरोबर असेल तर व्हॅलेन्सिया, ते सपाट आहे. मार्चच्या पहिल्या एकोणीस दिवसांत जात असाल तरीही व्हॅलेन्सिया. फायास उत्सवात रोज दुपारी दोनला टाउन हॉलच्या चौकात फटाक्यांचा असा दणका उडतो की छातीत जाणवतो. तान्ह्या मुलांना मात्र तिथे नेऊ नका. दोघंच असाल, चालायची तयारी असेल, दक्षिणेत आधीच असाल, तर मालागा, आणि त्यावर फार विचार करू नका. ईस्टरच्या आधीचा आठवडा असेल तर मिरवणुकांमुळे मालागाचे रस्ते तासन् तास अडतात. मिरवणूक बघायचीच असेल तर उत्तम, किल्ला बघायचा असेल तर दुसरा दिवस शोधा.

शहर कुठलंही ठरवा, परतीची गाडी संध्याकाळी पाच-सहाची काढू नका. ऊन उतरून गाव नुकतंच रस्त्यावर यायला लागतं, नेमकी तीच ही वेळ. माद्रिदला परतायचं असेल तर त्या दिवशीची शेवटची किंवा तिच्या आधीची गाडी पकडा, आणि रात्रीचं जेवण स्टेशनच्या वाटेवरच उरका.