ज्ञान पोस्टने निकोबारला पुस्तकं: नाशिकच्या मंडळ्यांसाठी सविस्तर परीक्षण

दूरच्या बेटांवरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना हातभार लावायचा म्हटलं की आपल्याकडे आधी दौऱ्याचं बोलणं निघतं. कोण जाणार, किती दिवस, तिकिटाचे पैसे कुठून. निकोबारच्या बाबतीत तर बाहेरच्या माणसाला प्रशासनाचा आदिवासी क्षेत्राचा पास लागतो आणि तो केवळ सुवार्तेची आवड आहे म्हणून मिळत नाही. टपालाला मात्र पास लागत नाही. भारतीय डाक विभागाने १ मे २०२५ पासून सुरू केलेली ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा आम्हाला म्हणूनच महत्त्वाची वाटते. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं अत्यंत कमी दरात देशात कुठेही पोचवणारी ही सेवा आहे आणि बेटांवरच्या मंडळ्यांसाठी इतक्या उपयोगाची दुसरी स्वस्त सोय सध्या नाही.

दर साधा आहे. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये, मग वजनाचे टप्पे, आणि ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. अंतराचा प्रश्नच नाही: पंचवटीतून सिन्नरला पाठवा नाहीतर ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे गावाला, दर तोच. म्हणून हिशोब सरळ निघतो. छोट्या पाकिटाला किलोमागे ६५ रुपयांच्या वर पडतात, भरलेल्या ५ किलोला २०. चार जणांनी चार पुडकी पाठवण्यापेक्षा मंडळीने मिळून एक भरलेलं खोकं पाठवावं.

मर्यादा नीट समजून घ्या, कारण पाकीट अडतं ते बहुतेक इथेच. नियतकालिकं चालत नाहीत, त्यामुळे मासिकांचे जुने अंक कितीही चांगले असले तरी या दरात जाणार नाहीत. व्यापारी स्वरूपाचं छापील साहित्य चालत नाही. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. ही अट संडे स्कूलच्या शिक्षकांना अडचणीची ठरते, कारण त्यांच्या धड्यांच्या पुस्तिका झेरॉक्स काढून पिना मारलेल्या असतात. पुढच्या वेळी छापखान्यात देतानाच शेवटच्या पानावर प्रकाशक म्हणून मंडळीचं नाव आणि मुद्रकाचं नाव टाकून घ्या. पुस्तकांबरोबर पत्र किंवा चिठ्ठी घालू नका; पत्र वेगळ्या पाकिटाने पाठवा. औषधं, हार्मोनियमचे सूर (रीड), कपडे, खेळणी यांतलं काही या सेवेत बसत नाही, त्यांना साधं पार्सल आहे. पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ हे शब्द ठळक दिसले पाहिजेत.

आता वेळेचं. ही सेवा पृष्ठमार्गाने चालते. निकोबारसाठी त्याचा अर्थ रेल्वे, मग पूर्व किनाऱ्यावरून जहाज, मग श्रीविजयपुरम म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, आणि तिथून आणखी एक जहाज. चेन्नईहून श्रीविजयपुरमचा समुद्रप्रवासच सुमारे ३ दिवसांचा, आणि तिथून कार निकोबार आणखी २७० किलोमीटर दक्षिणेला. जहाज रोज नसतं आणि समुद्र खवळला की वेळापत्रक पुढे जातं. ट्रॅकिंग आहे, पण एकाच ठिकाणची नोंद बरेच दिवस दिसत राहिली तर पाकीट हरवलं असं समजू नका, ते जहाजाची वाट पाहत असतं. नाताळासाठी पाठवायचं असेल तर नोव्हेंबरात जागं होऊन उपयोग नाही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, त्यामागोमाग वर्षाअखेरपर्यंत ईशान्येचे. समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो जानेवारी ते एप्रिल. आमच्या मते नाशिकहून पाठवायचा उत्तम काळ फेब्रुवारी-मार्च, आणि त्यामागे आणखी एक कारण आहे: त्या दिवसांत नाशिकची हवा कोरडी असते.

कागद हवेतली ओल ओढतो. साध्या कोरड्या कागदातही वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी असतंच, म्हणजे साडेचार किलो पुस्तकांत ३०० ग्रॅमच्या आसपास. ऑगस्टमध्ये पावसाळी हवेत ठेवलेली पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये सील केली तर ती सगळी ओल आपण आतच कोंडतो. बाहेरून पाणी न लागताही बुरशी येते. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की कागदावर बुरशी धरायला लागते आणि बेटांवर वर्षातला बराच काळ हवा त्याहून दमट असते. सिलिका जेलची पुडी टाकली की झालं, असं समजू नका. ५० ग्रॅम जेल फार तर १५-२० ग्रॅम पाणी धरेल. वाटेत झिरपणाऱ्या ओलीसाठी ते पुरे, ओली पुस्तकं वाळवायला अजिबात नाही. आधी पुस्तकं कोरड्या दिवसांत दोन-तीन दिवस पंख्याखाली उभी उघडून ठेवा, मग पॅक करा. जेल पांढरं किंवा केशरी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते मुलांच्या पुस्तकांत नको. डांबराच्या गोळ्याही नकोत, वास वर्षभर जात नाही. कसर किंवा वाळवीची शंका असेल तर पिशवीत बंद करून उणे १८-२० अंशांच्या फ्रीझरमध्ये दहा दिवस ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका.

खोक्याबाबत नाशिककरांना एक खास इशारा. द्राक्षांची ५ किलोची रिकामी खोकी इथे गल्लोगल्ली मिळतात, आकारही जुळतो, वजनही जुळतं. पण त्यांना हवा खेळण्यासाठी भोकं असतात, म्हणजे दमट हवेला सरळ वाट. आणि निर्यातीच्या खोक्यात द्राक्षांवर ठेवलेला कागदी पॅड कोपऱ्यात राहून गेला असेल तर आणखी वाईट. त्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षावर बुरशी येऊ नये म्हणून तो चांगला, पण पुस्तकात तोच वायू ओलीशी मिळून आम्ल बनतो, पिना गंजवतो, कागद ठिसूळ करतो, कव्हरचा रंग उडवतो. नवं पाच पदरी खोकं मेन रोड-रविवार कारंजा भागात थोड्या पैशांत मिळतं. तेवढा खर्च करा.

बांधणी अशी. पुस्तकं आडवी ठेवा, एकाचा पाठीचा कणा डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे, म्हणजे ढीग सपाट राहतो. कडेवर उभी ठेवली तर हिसक्याने पानांचा गठ्ठा कव्हरमधून निसटतो. रेक्झिनच्या कव्हरांमध्ये बटर पेपर घाला, उष्णतेने ती एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना सोनेरी अक्षरं निघून येतात. हा ढीग ४०० गेजच्या पॉलिथिन पिशवीत, जेलच्या पुड्या कडेला, हवा दाबून काढून तोंड उष्णतेने सील. नुसती टेप लावली तर दमट हवेत तिचा गोंद सुटतो. मग खोकं, रिकाम्या कोपऱ्यांत तपकिरी कागदाचे बोळे. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. बाहेरून विणलेल्या प्लॅस्टिकचं आवरण शिवून घ्या. हे सगळं वेष्टण ३५० ते ४०० ग्रॅम भरतं. म्हणून पुस्तकं साडेचार किलोच्या आत ठेवा. ५ किलो म्हणजे वेष्टणासकट. काउंटरवर २० ग्रॅम जास्त भरलं तर शिवलेलं आवरण उसवत बसावं लागतं.

पत्ता लिहिताना चूक होते ती पिनकोडवर भरवसा ठेवून. कार निकोबारला ७४४३०१, कॅम्पबेल बेला ७४४३०२. पण मूस, पेरका, किनमाई, सवाई, अरोंग अशी सगळी गावं एका ७४४३०१ मध्येच. गावाचं नाव, चर्चचं नाव, पाळकसाहेबांचं किंवा गावच्या कॅप्टनचं नाव (तिथे गावप्रमुखाला कॅप्टनच म्हणतात) आणि चालू मोबाइल नंबर, हे चारही हवेत. रोमन लिपीत लिहा, खाली देवनागरीत. न पुसणाऱ्या शाईने लिहा आणि हाच पत्ता, नुसता पत्ताच, एका कागदावर लिहून खोक्याच्या आतही ठेवा.

काय पाठवायचं, याबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. आपल्या कपाटात उरलेली मराठी पुस्तकं तिथे पाठवू नका. कार निकोबारची मंडळी स्वतःच्या भाषेत उपासना करते. बिशप जॉन रिचर्डसन हे स्वतः निकोबारी. त्यांनी नवा करार कार निकोबारी भाषेत आणला, ती भाषा रोमन लिपीत लिहितात. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते नामनियुक्त सदस्य होते. त्यांच्या आधी मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी १७६८ ते १७८७ नानकौरी बेटावर होते. ताप आणि एकाकीपणाने ते काम संपलं. मंडळी उभी राहिली ती तिथल्याच माणसांमुळे, आणि २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरची गावं पुसली गेल्यावर ती पुन्हा उभी केली तीही त्याच माणसांनी. त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारा. मध्य अंदमानात मायाबंदरजवळच्या वेबी गावात १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आलेले कारेन लोक बाप्टिस्ट आहेत, त्यांची भाषा आणि लिपी आणखी वेगळी. छोटा नागपूरहून आलेल्या कुटुंबांना हिंदी चालतं. हिंदी बायबल, हिंदी-इंग्रजी शब्दकोश, शाळेची पूरक पुस्तकं, मुलांची चित्रांची पुस्तकं, पाळकांसाठी इंग्रजी भाष्यग्रंथ, यांना बहुधा मागणी निघते. निवडताना शिवलेली बांधणी बघा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पुस्तकं दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत सुटी होतात, आणि पिनांची गंजून पानं तपकिरी होतात.

जारवा आणि सेंटिनेली या आदिवासी जमाती राहतात त्या राखीव भागांकडे पाहूच नका. १९५६ च्या संरक्षण नियमावलीने तिथला प्रवेश बंद आहे. २०१८ मध्ये एक तरुण अमेरिकन सुवार्तिक उत्तर सेंटिनेलवर बेकायदा उतरला आणि मारला गेला. आपल्याकडचा साधा सर्दी-पडसंही त्या लोकांना जिवावर बेतू शकतो. प्रेम असेल तर लांब राहणं हेच त्यांच्यासाठी करता येईल.

संपर्कासाठी सरळ रस्ता म्हणजे धर्मप्रांत. नाशिक आणि अंदमान-निकोबार हे दोन्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे धर्मप्रांत आहेत, त्यामुळे आपल्या पाळकसाहेबांकडून तिकडच्या कार्यालयाला पत्र जायला हरकत नाही. नाशिकला हे काम नवं नाही. शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेले, गुलामगिरीतून सोडवलेले आफ्रिकी तरुण एकोणिसाव्या शतकात इथूनच पूर्व आफ्रिकेत मोंबासाच्या किनाऱ्यावर गेले आणि त्यांनी तिथल्या फ्रीअरटाउनची मंडळी घडवली. शिकलेली माणसं आणि पुस्तकं, हीच नाशिकची जुनी देणगी आहे.

आमचे गुण पाचपैकी चार. दर, व्याप्ती आणि ट्रॅकिंग यांना पूर्ण गुण. एक कापला तो नियतकालिकं वगळल्याबद्दल, कारण लहान मंडळ्यांना मोठ्या ग्रंथापेक्षा दर महिन्याचं काहीतरी जास्त उपयोगी पडतं. घाईचं असेल तर स्पीड पोस्ट. २०२५ मध्ये रजिस्टर्ड टपालही त्यातच विलीन झालं आहे. बाकी जीपीओ (मुख्य डाकघर) किंवा नाशिकरोडच्या डाकघरात जाताना महिनाअखेरची आणि सणाआधीची गर्दी टाळा, सकाळी उघडल्या-उघडल्या जा, आणि पावतीवरचा नंबर त्याच दिवशी फोटोसह तिकडे पाठवा. बेटावर मोबाइलला रेंज मिळेल तेव्हा मेसेज पोचतो. पाकीट आल्याचं उत्तर यायला वेळ लागला तर आधी तिकडच्या डाकघरात चौकशी करायला सांगा, कारण गावापर्यंत पोचवण्याऐवजी पाकीट तिथेच थांबलेलं असू शकतं.