बेळगावात फुलांचं आणि शोभेच्या गवताचं बी: रविवार पेठेतल्या दुकानाचा रिव्ह्यू

बेळगावात गच्चीवर बाल्कनीत फुलझाडं नसलेलं घर शोधावं लागेल इतकी हौस आहे आपल्याकडे, पण बहुतेक जण नर्सरीतलं फुलं आलेलं रोप उचलून आणतात आणि बीपासून करायचं म्हटलं की "उगवत नाही ओ ते" म्हणून विषय बंद. उगवत नाही म्हणजे काय, बी जुनं असतं म्हणून उगवत नाही. आणि बी जुनं आहे की नवं हे सांगणारा दुकानदार मिळाला की निम्मं काम झालं, म्हणून हे लिहायला बसले.

रविवार पेठेत शेतीच्या बियाण्याचं एक जुनं दुकान आहे, बाहेर मिरची कोबी फ्लॉवरच्या बियांचे डबे मांडलेले, औषधांचा वास, आणि आत डाव्या भिंतीला एक अरुंद कप्पा फुलांच्या बियांचा. बाहेरून बघितलं तर इथे पेटुनिया मिळेल असं वाटणार पण नाही. मालक कन्नड, मराठी दोन्ही बोलतात, सौंदत्ती बैलहोंगलकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, आपल्याशी मराठीत, एकाच दमात. मी ॲस्टरचं बी मागितलं तर पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, मागची तारीख वाचली आणि परत कप्प्यात टाकलं. "हे जुनं झालंय ओ ताई, नका नेऊ. पंधरा दिवसांनी या की, नवा लॉट येतोय." विकून टाकलं असतं तर मला काही कळलंही नसतं. त्या दिवसापासून मी दुसरीकडे जात नाही.

ॲस्टरच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं आहे कारण त्याचं बी फार लवकर मरतं, वर्षभर उघड्या हवेत राहिलं की उगवण एकदम खाली येते. झेंडू, झिनिया दोन तीन वर्षं नीट ठेवले तर चालतात, ॲस्टर आणि साल्व्हिया चालत नाहीत. म्हणून पाकिटावरचा फोटो बघण्याआधी मागची बाजू बघायची, लॉट नंबर, उगवणशक्ती किती टक्के, टेस्ट कधी केली आणि मुदत कधीपर्यंत. टेस्टच्या तारखेपासून साधारण ९ महिने ती मुदत असते. ज्या पाकिटावर यातलं काहीच नाही ते कितीही चकचकीत असलं तरी ठेवून द्या.

ॲस्टरमध्ये बंगळुरूच्या आयआयएचआरच्या (फळं, भाज्या, फुलांवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था) जाती आहेत, कामिनी, पौर्णिमा, शशांक, आणि त्या आपल्या हवेत फार छान येतात, उगाच परदेशी नावाच्या महागड्या पाकिटाच्या मागे लागायची गरज नाही. कामिनी गुलाबी, पौर्णिमा आणि शशांक पांढऱ्यातल्या. मला स्वतःला पौर्णिमा आवडते. हारालाही चालते आणि फुलदाणीतही बरेच दिवस टिकते.

आता पेटुनिया. त्याचं बी इतकं बारीक की चहाच्या भुकटीसारखं, एका ग्रॅममध्ये ९-१० हजार बी बसतं. म्हणून हायब्रीड पेटुनियाचं बी गोळी करून देतात, म्हणजे एकेका बीवर मातीसारखा लेप चढवलेला असतो आणि ते चिमटीत धरता येतं. दुकानात गोळीवालं ठेवतात आणि सुट्टं मोजून पण देतात, मालक एका पांढऱ्या कागदावर गोळ्या ओततात, काडेपेटीतल्या काडीने दोन दोन बाजूला सरकवत मोजतात आणि मग छोट्या झिपच्या पिशवीत टाकतात. जूनची गर्दी असली तरी हे काम ते पोराला सांगत नाहीत. माझी एकच मागणी असते की पिशवीवर लॉट आणि तारीख पेनाने लिहून द्या, मागितलं की देतात, आपणहून लिहीत नाहीत. हे त्यांनी सुरू करायला पाहिजे, कारण सुट्टं बी घरी आलं की कुठलं कधीचं काही कळत नाही.

पेटुनियाची गोळी मातीत पुरायची नाही, नुसती वर ठेवायची, त्याला उगवायला उजेड लागतो. आणि वरून स्प्रेने लेप पूर्ण विरघळेपर्यंत भिजवायचं. अर्धवट भिजून परत वाळला तर लेप कडक होतो आणि आतलं बी तसंच गुदमरतं, मग लोक म्हणतात कंपनीने फसवलं. झिनियाचं अगदी उलट, त्याला अर्धा सेंटीमीटर माती वरून द्यायची, ४-७ दिवसांत वर येतं, आणि त्याला उपटून लावलेलं आवडत नाही म्हणून थेट कुंडीत टोकायचं. पावसाळ्यात आपल्याकडे झिनियाच्या पानांवर ठिपके आणि भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) हमखास पडते, त्यासाठी प्रोफ्युजन नावाची बुटकी जात मागा, ती भुरीला चांगली तोंड देते. दुकानात कायम नसते पण मागवून देतात.

हवेचं गणित आपलं वेगळं आहे हे पण लक्षात घ्या, मोठमोठ्या शहरांतले व्हिडिओ बघून तारखा ठरवू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, जुलैत उघडीप नाही, आणि दिवाळीनंतर रात्री छान गार. पेटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स हे सगळं दसऱ्याच्या पुढे मागे टाकायचं. झेंडूचं तरू (रोपांसाठीचं बी) जूनच्या शेवटी टाकलं की दसऱ्याला तोरणापुरती घरची फुलं निघतात. तेरडा तर आपला घाटातलाच, खानापूर जांबोटीकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला आपोआप असतो, त्याचं बी विकत घ्यायचं ते फक्त डबल फुलाचं. एक मनापासून सांगते, पिवळा नारिंगी कॉसमॉस घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांनी लावूच नका. सह्याद्रीत रस्त्यांच्या कडेने आणि डोंगरउतारावर तो इतका पसरलाय की खालचं गवत आणि रानफुलं दबून जातात. दिसायला सुंदर आहे म्हणून बी उधळणारे बघितले की जीव तुटतो.

आता गवतं, ज्याच्यासाठी मी खरं तर जास्त फिरले. शोभेचं गवत म्हटलं की लोकांना लॉन वाटतं. पॅम्पस, फाउंटन ग्रास, बनी टेल हे वेगळं जग आहे आणि याचं बी बेळगावात मिळेल असं मला वाटलं नव्हतं. आधी मी ऑनलाइन एक मोठं कॉम्बो मागवलं होतं, ४० प्रकार, त्यात निळ्या गुलाबाचं बी पण (निळा गुलाब बीपासून येतो असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा, तसलं बीच नसतं), कुठल्याच पुडीवर तारीख नाही लॉट नाही, आणि "ऑर्नामेंटल ग्रास" म्हणून जी पुडी होती त्यातून निघाली बर्मुडा, म्हणजे आपली शेतातली हरळी. जी काढता काढता शेतकऱ्याची कंबर मोडते ती मी पैसे देऊन कुंडीत लावली. तक्रार केली, उत्तर नाही. त्या पाकिटातला झेंडू तेवढा उगवला.

रविवार पेठेत मी लाल फाउंटन ग्रासचं बी मागितलं, ते गडद जांभळट लाल, हॉटेलांच्या बाहेर लावतात ते. मालक म्हणाले त्याचं बी नसतं, नर्सरीतून एक ठोंब घ्या आणि फोडून लावा. आणि हे खरं आहे, त्या लाल जातीच्या कणसात उगवणारं बी धरतच नाही, ठोंब फोडूनच वाढवतात. तरी ऑनलाइन त्याचं बी म्हणून खुशाल विकतात. हिरव्या फाउंटन ग्रासला बी येतं आणि ते वाऱ्याने लांब उडतं, हवाई बेटांवर त्याने रानं व्यापलीत, म्हणून लावलं तरी कणसं पिकायच्या आधी कापा, माळ आणि रान जवळ असेल तर लावूच नका.

त्याऐवजी त्यांनी मला जांभळी बाजरी दिली. पर्पल मॅजेस्टी म्हणतात, शोभेसाठी काढलेली बाजरीच आहे, २००३ मध्ये अमेरिकेत तिला ऑल अमेरिका सिलेक्शन्सचं (नव्या जाती लावून पारखणारी तिथली संस्था) गोल्ड मेडल मिळालं होतं. बी उगवायला काहीच त्रास नाही, उबेत तीन चार दिवसांत वर. सुरुवातीला रोप साधं हिरवं दिसतं आणि आपल्याला वाटतं चुकीचं बी दिलं, पण उन्हात ठेवलं की आधी पानाची मधली शीर जांभळी होते, मग कडा, मग आख्खं पान, आणि शेवटी ताट (खोड) पण. सावलीत ठेवली तर हिरवीच राहते. माझ्या गच्चीवर दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या कुंड्या माणसाच्या छातीपर्यंत गेल्या, कणसं आल्यावर पोपट आणि चिमण्या यायला लागल्या, शेजारच्या काकू रोज विचारायच्या की ज्वारी आहे का काय. दाणे पाखरांना ठेवले. बीवर गुलाबी औषध लावलेलं असतं तेवढं लक्षात ठेवा, पेरायचं बी पोरांच्या हाताला लागू देऊ नका आणि पाखरांनाही घालू नका.

कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याचा भुसा) पण सांगते. दुकानात ५ किलोची वीट मिळते, ठीक आहे, पण मीठ असतं त्यात, दोन तीन पाण्यांत भिजवून पिळून मगच वापरा. आपली तांबडी माती ट्रेमध्ये नुसती घालू नका, वरून पाणी पडलं की पापुद्रा धरते आणि बारीक बी खालीच अडकतं. गोकाक सौंदत्तीकडची काळी तर ट्रेला नकोच. रोपं उगवून मानेत मोडून पडायला लागली तर पाणी जास्त होतंय असं समजा, ट्रे परातीत ठेवून खालून पाणी द्या. मालक ट्रायकोडर्माची (रोपं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पुडी देतात आणि कशी मिसळायची ते पण सांगतात, कीटकनाशक खपवायला बघत नाहीत, हे मला फार आवडलं.

तक्रारी आहेतच. जून जुलैत तिथे भात, सोयाबीन, मिरचीवाल्या शेतकऱ्यांची रांग असते, त्यात फुलांच्या चार पाकिटांसाठी आपण उभं राहायचं म्हणजे तास जातो, आणि ते बरोबरच आहे, त्यांचं पोट आहे त्यावर. दुपारी तीनच्या सुमारास गेलं तर निवांत बोलता येतं. गाडी लावायला जागा नाही. पॅन्झीचे रंग वेगवेगळे मिळत नाहीत, मिक्सच घ्यावं लागतं. बी परत घेत नाहीत. पण दराला रास्त, साधी झेंडू झिनियाची पाकिटं ३०-४० रुपयांत, हायब्रीड महाग आहे पण सुट्टं मोजून देतात त्यामुळे आख्खं पाकीट घ्यायची सक्ती नाही.

अरभावीचं हॉर्टिकल्चर कॉलेज गोकाकच्या बाजूला आहे, बागलकोट विद्यापीठाखालचं, तिकडच्या लोकांनी आधी तिथे चौकशी करावी. बेळगाव शहरातल्यांनी आणि खानापूर निपाणीहून कामाला येणाऱ्यांनी मात्र या दुकानात एकदा जाऊन बघाच. बनी टेल हवं असेल तर सप्टेंबरमध्ये आगाऊ सांगून ठेवा, ते ऑक्टोबर नोव्हेंबरच्या गारव्यात टाकायचं असतं आणि मार्चच्या उन्हात वाळतं. मालक थोडीच पाकिटं मागवतात, आणि त्यातलं एक आता दर वर्षी माझं असतं.