चोवीस इंची कटरसाठी ‘लाइफटाइम’ सॉफ्टवेअर : ३२,५३० रुपये गेले ते कसे

राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून कागदी मखरे करणारे आमच्यासारखे घरगुती व्यावसायिक कॅमिओ या बारा इंची कटरवरून, म्हणजे संगणकातल्या नक्षीप्रमाणे कागद कापणाऱ्या यंत्रावरून, चोवीस इंची कटरकडे वळू लागले. मोठे यंत्र घेताना आपण रुंदी मोजतो, ब्लेडचा दाब विचारतो, तीनशे जीएसएमचा जाड कागद कापून दाखवायला लावतो. सॉफ्टवेअरचा प्रश्न मात्र यंत्र घरी आल्यावर उभा राहतो, आणि बनावट सॉफ्टवेअर विकणारे नेमके त्याच वेळी गाठतात.

माझी अडचण खरी होती, हे आधी सांगते, कारण ‘हाव सुटली म्हणून फसलीस’ असे घरचेच म्हणतात. कॅमिओसोबतचे सॉफ्टवेअर, सिल्हूएट स्टुडिओ, सिल्हूएट कंपनीच्याच यंत्रांना आज्ञा देते, क्रिकट या दुसऱ्या कंपनीचे डिझाइन स्पेस फक्त क्रिकटला. मी घेतलेला बिगरब्रँड कटर एचपीजीएल ही यंत्राला आज्ञा देण्याची भाषा समजणारा, म्हणजे जुने सॉफ्टवेअर त्याला निरुपयोगी. शिवाय माझी सारी जुनी नक्षी स्टुडिओच्या स्वतःच्या फाइलींत अडकलेली. त्या एसव्हीजीमध्ये, म्हणजे इतर सॉफ्टवेअरलाही उघडता येईल अशा स्वरूपात, साठवायच्या तर त्याची बिझनेस एडिशन लागते. अशा वेळी वाशीचा एक विक्रेता म्हणाला, “ताई, आमच्या पॅकेजमध्ये तुमच्या जुन्या फाइली थेट उघडतील, कुठलाही कटर चालेल, लायसन्स आयुष्यभराचे.” दुसरे काय हवे होते?

सॉफ्टवेअरचे १८,५०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ३,३३० रुपये मी यूपीआयने पाठवले. पैसे पाठवण्याआधी मोबाइलवर जे नाव आले ते बिलावरच्या एंटरप्रायझेसचे नव्हते, एका माणसाचे होते. पण आमच्या ठाणे शहरातल्या नौपाड्यातले निम्मे दुकानदार स्वतःच्या नावाच्या क्यूआरवर पैसे घेतात, तेव्हा त्यात मला वावगे वाटले नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता, महाराष्ट्राचा असतो तसाच. फक्त तो चौदा अक्षरांचा होता. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीदाराचे नाव समोर येते. पैसे देण्यापूर्वी हे तपासा, नंतर नव्हे.

यानंतरचा प्रसंग आठवला की आजही मला माझाच संताप येतो. विक्रेत्याने एनीडेस्क या दुरून संगणक चालवण्याच्या प्रोग्रॅमवरून माझा संगणक ताब्यात घेतला आणि अँटीव्हायरस दहा मिनिटे बंद ठेवायला सांगितले. मग एक छोटीशी फाइल उचलून प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टाकली. ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का?’ अशी चौकट माझ्या डोळ्यांसमोर उघडली, आणि मी विचारण्याआधीच त्याच्या बाणाने ‘होय’ दाबले. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल कोणी कशाला बदलेल? हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण कटरचे ड्रायव्हर टाकतानाही अँटीव्हायरस कुरकुरतो, हे मी आधी पाहिले होते. समोरचा माणूस तर इतक्या सराईतपणे काम करत होता की मी गप्प बसले. मूळ फाइल अशी बदलून लायसन्सचे कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर म्हणजे ‘क्रॅक’. फाइल बदलताना दिसली की तिथेच इंटरनेट तोडा.

पुढे ‘कंटूर मॉड्यूल’ म्हणून ६,२०० रुपये घेतले. छापलेल्या स्टिकरच्या कडेने अचूक काप हवा असेल तर कागदावर छापलेल्या नोंदखुणा वाचणारा प्रकाशसंवेदक यंत्रातच लागतो. माझ्या कटरला फक्त लाल लेझरचा ठिपका आहे. तो प्रत्येक खुणेवर हाताने नेऊन ठेवावा लागतो. जो डोळा यंत्रात नाही तो कुठलेही सॉफ्टवेअर बसवू शकत नाही. विक्रेत्याला हे माहीत नव्हते, यावर माझा विश्वास नाही. गणपतीच्या ऐन हंगामात प्रोग्रॅम ‘लायसन्स अवैध’ म्हणून बंद पडला, तेव्हा ‘सर्व्हर रिन्यूअल’चे ४,५०० रुपये उकळले गेले, ऑर्डरी अडकल्या असताना कोणीही ते भरले असते. एकूण ३२,५३० रुपये. जुनी एकही फाइल कधी उघडली नाही, आणि शेवटी फोनही बंद झाला.

तक्रारीची कथा वेगळीच आहे. खाडीच्या अलीकडच्या पोलीस ठाण्यात सांगितले, विक्रेता वाशीचा, तिकडे जा. पलीकडे सांगितले, पैसे ठाणे शहरातून गेले, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, आता तशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, हे मी म्हटल्यावर टेबलामागचे साहेब हसले. “क्रॅक सॉफ्टवेअर वापरले ना? मग गुन्हा तुमच्यावरही होईल,” हे वर ऐकावे लागले. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ ब सॉफ्टवेअर बेकायदा आहे हे माहीत असूनही वापरणाऱ्याला लागते. १८ टक्के कर भरून बिल घेणाऱ्या बाईला ते दाखवून गप्प करायचे, ही कुठली रीत? बँकेत ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केला’ एवढेच उत्तर मिळाले. ग्राहक मार्गदर्शनासाठी गेले तिथे ‘व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असे ठणकावण्यात आले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला ग्राहक मानतो आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करू देतो, हे त्या खुर्चीतल्या माणसाला मी, एक मखरवाली, सांगत होते! अखेर ग्राहक आयोगाच्या ई-जागृती संकेतस्थळावर स्वतःच तक्रार भरली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मात्र पैसे गेल्या गेल्या फोन करा, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

सध्या मी इंकस्केप या नक्षी काढण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते. ते फुकट आहे आणि त्यातून एचपीजीएल थेट कटरला जाते. कुठलेही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी त्याची चाचणी आवृत्ती मागा आणि दहा सेंटिमीटरचा चौकोन तुमच्याच यंत्रावर कापून पट्टीने मोजा. एचपीजीएलमध्ये एका मिलिमीटरला चाळीस एकके असतात. हे प्रमाण चुकीचे भरलेले असेल तर पहिल्याच चौकोनात कळते. चाचणी द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

त्याच विक्रेत्याची जाहिरात आता नव्या नावाने फिरते आहे. यंत्राचे छायाचित्र तेच, मजकूरही तोच, फक्त किंमत २१,५०० झाली आहे आणि ‘कंटूर मॉड्यूल मोफत’ असे वर लिहिले आहे.