बोर्ड फाइल, डिव्हाइस ट्री की ओव्हरले? शेतातल्या कंट्रोलरसाठी काय घ्यावं

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेसाठी किंवा हिंगणघाटला एखाद्या जिनिंगसाठी लिनक्सवर चालणारा कंट्रोलर बनवायला घेतला, की एक प्रश्न लवकरच आडवा येतो. रिले कुठल्या पिनला आहे, घड्याळाची चिप कोणती, मीटरची आरएस-४८५ लाइन कुठल्या यूआर्टवर (म्हणजे सिरियल पोर्टवर), हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचं कुठे? यूएसबी मोडेम लावला तर तो आपली ओळख आपणच देतो. चिपा जोडायच्या आय-टू-सी आणि एसपीआय लाइनी, यूआर्ट आणि जीपीआयओ म्हणजे चालू-बंद करायच्या साध्या पिना, यांना ती सोय नाही. तिथे काय जोडलंय ते कुणीतरी लिहूनच द्यावं लागतं.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे सुटा माल मिळेल तसा घ्यावा लागतो आणि डबा शेतात, विहिरीच्या काठावर बसलेला असतो. म्हणून हार्डवेअरचं वर्णन कर्नलच्या बाहेर ठेवलेलं बरं. ते कुठल्या रूपात ठेवायचं, यात मात्र विचार करायला जागा आहे.

बोर्ड फाइल: जुनी, पण अजून भेटते

आधी एआरएम प्रोसेसरांच्या कर्नलमध्ये जवळपास प्रत्येक बोर्डाची एक सी फाइल असायची. आय-टू-सी चिपांचे पत्ते, जीपीआयओचे नंबर, प्लॅटफॉर्म डिव्हाइसांची यादी, सगळं तिच्यातच. बूटलोडर, म्हणजे कर्नलला सुरू करून देणारा प्रोग्रॅम, एका रजिस्टरमध्ये मशीनचा नंबर टाकून द्यायचा आणि त्यावरून कर्नल आपली फाइल शोधायचा. बोर्डं वाढली तसा हा पसारा इतका वाढला, की मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स एआरएमवाल्यांवर उघड भडकले. तिथून डिव्हाइस ट्रीकडे जाण्याला जोर आला. ६४-बिट एआरएम २०१२ साली कर्नलच्या ३.७ आवृत्तीत आलं, तेव्हा त्यात बोर्ड फायलींना जागाच ठेवली नव्हती. २०२३ च्या ६.३ आवृत्तीत तर कुणी वापरत नसलेल्या जुन्या बोर्ड फायलींचा मोठा गठ्ठा काढूनच टाकला.

मग आज हिचा विचार करायचाच कशाला? कारण स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या बोर्डांसोबत कधीकधी २.६ च्या काळातला कर्नल येतो, आणि त्यात हीच पद्धत असते. तिचा एक गुण मान्य करायलाच हवा. स्ट्रक्चरमधल्या फील्डचं नाव चुकलं तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. डिव्हाइस ट्रीत हे सुख नाही, त्याबद्दल पुढे.

तोटा शेतात कळतो. एक चिप बदलली तरी अख्खा कर्नल नव्याने बांधायचा आणि काही एमबींची इमेज पाठवायची. मेळघाटच्या पायथ्याच्या गावात "रेंज येते भाऊ, पण टिकत नाही" हे ऐकलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

डिव्हाइस ट्री: खरा कस इथे लागतो

ही कल्पना एआरएमची नव्हे. ओपन फर्मवेअरमधून, म्हणजे १९९४ च्या आयईईई १२७५ मानकातून ती आली. स्पार्क आणि पॉवरपीसी हे प्रोसेसर तिच्यावर आधीपासून चालत होते. मजकुराच्या फाइलीत बोर्डाचं वर्णन लिहायचं, डीटीसी नावाच्या कंपायलरने त्याची डीटीबी, म्हणजे कर्नलला वाचता येणारी बायनरी फाइल, करायची, आणि बूटलोडरने ती मेमरीत ठेवून कर्नलला पत्ता द्यायचा. प्रत्येक नोडवर, म्हणजे एकेका उपकरणाच्या नोंदीवर, 'कम्पॅटिबल' नावाची ओळ असते. कर्नल ती वाचतो आणि जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कोड, लावतो. डीटीबी असते काही दहा केबींची, त्यामुळे रेंज आली तेवढ्यात उतरून जाते.

घड्याळाचं उदाहरण घ्या. लाइन गेली तरी पाळीपाळीने पाणी सोडायचं वेळापत्रक बिघडू नये म्हणून आरटीसी, म्हणजे घड्याळाची चिप, लागतेच. सीताबर्डीच्या दुकानात आज डीएस-१३०७ मिळते, पुढच्या महिन्यात डीएस-३२३१. दोन्हींचा आय-टू-सी पत्ता एकच, हेक्समधला ६८, आणि लिनक्समध्ये दोन्हींना ड्रायव्हरही एकच. चिपा मात्र वेगळ्या. १३०७ ला ५ व्होल्ट लागतात आणि तिचं क्रिस्टल बाहेर असतं, त्यामुळे चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्यात बंद डब्यात ते भरकटतं. ३२३१ मध्ये क्रिस्टल आतच असतं, तापमानाप्रमाणे स्वतःला सावरून घेतं, आणि ० ते ४० अंशांत तिची चूक २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोनच्या) आत राहते. म्हणजे वर्षाला मिनिटभर. जमत असेल तर ३२३१ च घ्या. नाही मिळाली, तर डिव्हाइस ट्रीत 'कम्पॅटिबल'ची एकच ओळ बदलायची, कर्नलला हात लावायचा नाही.

दुसरा मुद्दा रिलेचा, आणि तो जास्त महत्त्वाचा, कारण त्याच्या पलीकडे मोटर आहे. बाजारातलं ऑप्टो-कपलरवालं रिले मॉड्यूल बहुतेक वेळा ॲक्टिव्ह-लो असतं. पिन शून्यावर गेली की रिले ओढतो. तुमचं आधीचं मॉड्यूल याच्या उलट असेल तर निरोप येतोच: "भाऊ, लाईन आली अन् मोटर आपल्या मनानंच सुरू झाली." बोर्ड फाइलीच्या जुन्या पद्धतीत पिन म्हणजे नुसता आकडा. बीगलबोन या छोट्या बोर्डाच्या प्रोसेसरवर १ नंबरच्या बँकेतली १७ नंबरची पिन म्हणजे ४९, कारण शून्य नंबरच्या बँकेच्या ३२ पिना अधिक १७. उलट-सुलटचा हिशोब ड्रायव्हरच्या कोडमध्ये कुठेतरी दडलेला. डिव्हाइस ट्रीत बँक, पिन आणि ॲक्टिव्ह-लोचा झेंडा एकाच ओळीत दिसतात. ड्रायव्हरने फक्त 'चालू' किंवा 'बंद' म्हणायचं, व्होल्टेज कुठल्या बाजूला न्यायचं ते ट्री ठरवते.

पण ट्रीवर सगळा भार टाकू नका. लाइन आल्यापासून कर्नल उठेपर्यंत पिन कुणाच्याच ताब्यात नसते. त्या काही सेकंदांसाठी रिलेच्या इनपुटला योग्य दिशेचा पुल-अप किंवा पुल-डाउन रेझिस्टर बोर्डावरच हवा. तिथे सॉफ्टवेअरचा उपयोग शून्य.

आता जाच. डिव्हाइस ट्रीत प्रॉपर्टीचं स्पेलिंग चुकलं तर डीटीसी चुपचाप कंपाइल करून देतो. बोर्ड उठतं, ड्रायव्हरही लागतो, फक्त तुमची ती सेटिंग कुणी वाचतच नाही. आरएस-४८५ च्या दिशेची ओळ अशी चुकली की मीटर उत्तर देत नाही, आणि आपण दिवसभर केबल तपासत बसतो. यावर इलाज म्हणजे कर्नलच्या सोर्समधली 'डीटीबीएस-चेक' तपासणी. ती यामल भाषेतल्या स्कीमांशी, म्हणजे नियमांच्या फायलींशी, ट्री ताडून पाहते. एखादा ड्रायव्हर लागलाच नाही तर डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फोल्डरमधली 'डिव्हाइसेस डिफर्ड' ही यादी बघावी. कोण कुणाची वाट बघत अडकलंय ते तिथे कळतं. चालू बोर्डावर कर्नलला नेमकी कोणती ट्री मिळाली, ते प्रॉकमधल्या 'डिव्हाइस-ट्री' फोल्डरमध्ये उघडून दिसतं. हे फोल्डर पाहायची सवय लावून घ्या, अर्धे वाद तिथेच मिटतात.

आणि डीटीबी लहान आहे म्हणून बिनधास्त पाठवू नका. चुकीची डीटीबी गेली तर बोर्ड उठणारच नाही. मग पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने गाडी नेऊन दाखवा! जुनी डीटीबी तशीच ठेवा, नवी तिच्या बाजूला टाका, आणि यू-बूट या बूटलोडरची बूट मोजायची सोय वापरून काही प्रयत्न फसले की जुन्यावर परतायचं आधीच बसवून ठेवा.

ओव्हरले: दहा-वीस डब्यांसाठी पुरेसं

रास्पबेरी पाय किंवा बीगलबोन तयार घेऊन त्यावर आपलं एक छोटं बोर्ड चढवणार असाल, तर स्वतःची अख्खी ट्री लिहायची गरज नाही. मूळ ट्रीवर ओव्हरलेचा तुकडा बसवायचा. पायवर तर कॉन्फिग टेक्स्टमध्ये 'डीटीओव्हरले'ची एक ओळ घातली की आरटीसी लागली. तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधून नुकतं बाहेर पडलेलं पोरगंही हे तासाभरात शिकतं. दुरुस्तीला तोच जाणार असेल, तर याची किंमत मोठी आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. मूळ डीटीबी सिम्बॉलांसकट, म्हणजे नोडांच्या नावांच्या यादीसकट, कंपाइल झालेली नसेल तर ओव्हरले लागतच नाही. आणि चालू कर्नलमध्ये ओव्हरले घालायची-काढायची कॉन्फिगएफएसवाली सोय मुख्य कर्नलमध्ये नाही, ती काही पुरवठादारांच्या कर्नलपुरती आहे. म्हणून बूटच्या वेळीच लावा. एकावर एक चार-पाच ओव्हरले चढायला लागले, की समजा आता स्वतःची ट्री लिहायची वेळ झाली. तिथेही पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची नसते. प्रोसेसरची तयार फाइल आत घ्यायची, हवे ते नोड 'ओके' करायचे आणि पिनमक्स, म्हणजे कुठली पिन कुठल्या कामाला ते, नीट बसवायचा.

मायक्रोकंट्रोलर असेल तर

नुसतं ओलावा मोजून मोटर चालू-बंद करायची असेल तर लिनक्स मुळात जास्तच होतं. एसटीएम-३२ सारख्या चिपेवर झेफिर ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालवा. तिथेही डिव्हाइस ट्री आहे, पण ती कंपाइल होतानाच सी मॅक्रोंमध्ये मुरते, डीटीबी चिपेपर्यंत जातच नाही. लिहायची पद्धत ट्रीची, वागणं बोर्ड फाइलीचं: चिप बदलली की नवं फर्मवेअर. ते फर्मवेअर लिनक्सच्या इमेजपेक्षा फारच लहान असतं, त्यामुळे याचा फारसा त्रास होत नाही.

बोर्ड घेण्याआधी विक्रेत्याला काय विचाराल

किमतीच्या आधी कर्नलची आवृत्ती विचारा, आणि डिव्हाइस ट्रीचा सोर्स देणार का तेही. "डीटीबी देतो की" म्हणाला तर तेवढ्यावर भागवू नका. डीटीसीने डीटीबी उलटी उलगडता येते हे खरं, पण त्यात कॉमेंट नसतात, आणि नोड एकमेकांना नावाने नव्हे तर नुसत्या आकड्यांनी जोडलेले दिसतात. कुठली पिन कशाची, हे ओळखत बसण्यात जो वेळ जातो त्यात बोर्डावर वाचवलेले पैसे संपतात. सोर्स मिळाला तरी तो विक्रेत्याच्या कर्नलसाठी लिहिलेला असतो, आणि मुख्य कर्नलवर तसाच चालेल असं नाही. तेव्हा एकच बोर्ड आणा, मुख्य कर्नलवर उठवून बघा, रिले आणि आरटीसी दोन्ही चालले तरच पुढची ऑर्डर द्या.